जपानी वाग्यू माफक खर्चात कुठे आणि कसे खावे : कोकणातून जपानला जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, दापोली, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातली अनेक घरे आजही बोटीवरच्या पगारावर चालतात, आणि त्यांच्या जोडीला आता नोकरीनिमित्त थेट जपानमध्ये जाऊन राहणारी तरुण मंडळीही दिसू लागली आहेत. त्यांच्यापैकी जे बीफ खातात, त्यांना सुट्टीत गावी आल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे जपानला जाऊन वाग्यू, म्हणजे तिथल्या खास जातींच्या गुरांचे बीफ, खाल्ले की नाही. उत्तर बहुधा नकारार्थी असते आणि कारण एकच सांगितले जाते, की ते आपल्या खिशाला झेपणारे नाही. कोबेमधील नामांकित हॉटेलात रात्री तव्यासमोर बसून कोबे बीफ खाल्ले, तर माणशी पंधरा-वीस हजार येन सहज जातात, म्हणजे आजच्या दराने आठ-दहा हजार रुपयांच्या पुढे हिशेब जातो, हे अगदी खरे आहे. मात्र त्या बिलात मांसाच्या दर्जाएवढाच वाटा तीन गोष्टींचा असतो : प्रसिद्ध नाव, रात्रीची वेळ आणि पाठीच्या कण्यालगतचा तुकडा. या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी सोडून द्यायची तयारी असेल, तर अस्सल जपानी वाग्यू हजार ते चार हजार येनांत पोटभर खाता येते.

हे सारे जपानमध्येच करावे लागते, हे प्रथम स्पष्ट केलेले बरे. महाराष्ट्रात 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीनंतर गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये राज्याबाहेरून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, पण कत्तलबंदी कायम ठेवली. त्याशिवाय केंद्राच्या आयात धोरणानुसार बीफ कोणत्याही स्वरूपात परदेशातून भारतात आणता येत नाही. त्यामुळे सामानात बर्फ घालून पाव किलो मांस घरच्यांसाठी घेऊन यावे, असा विचार कोणी करू नये. सीमाशुल्क तपासणीत ते जप्त होईल आणि वर चौकशीला तोंड द्यावे लागेल. गोव्यात किंवा मुंबईत एखाद्या मेन्यूवर जपानी वाग्यू असे छापलेले आढळले, तर ते देशात आले कसे, हा प्रश्न वेटरला अवश्य विचारावा.

आधी लेबल वाचायला शिकावे

कोकणातल्या माणसाला हे प्रकरण समजायला अवघड जाऊ नये, कारण सुरमईच्या मधल्या तुकड्यांना पाहुण्यांसाठी वेगळा भाव मोजला जातो, तर डोके आणि शेपटीकडचा भाग कमी पैशांत घेऊन घरातली जाणती माणसे त्याचेच कालवण अधिक आवडीने खातात. वाग्यूच्या बाबतीत नेमके हेच घडते, फक्त जपानमध्ये प्रत्येक भागाला आणि दर्जाला कागदोपत्री नाव दिलेले असते.

जपानमध्ये वाग्यू हे नाव चारच जातींच्या आणि त्यांच्या आपापसांतील संकराच्या, जपानमध्येच जन्मलेल्या व वाढलेल्या जनावरांच्या मांसाला लावता येते. यांतील बहुतांश मांस काळ्या जातीच्या जनावरांचे असते. त्याशेजारीच दुकानात ‘कोकुसान-ग्यू’ असे लेबल असलेले मांस ठेवलेले असते. ते जपानमध्ये वाढवलेल्या जनावराचे असले तरी वाग्यू नव्हे, कारण त्यात दुभत्या होल्स्टीन जातीचे आणि मिश्र जातीचे मांसही येते. जपानी लिपी येत नसेल तर एक सोपी खूण लक्षात ठेवावी. वाग्यू हा शब्द दोन चित्राक्षरांत लिहितात आणि कोकुसान-ग्यू तीन. काळ्या जातीच्या वाग्यूचे पूर्ण नाव चार अक्षरांचे असते आणि त्यातील शेवटची दोन अक्षरे वाग्यूचीच असतात. मोबाईलमध्ये या शब्दांचे छायाचित्र साठवून ठेवले, तर मांसाच्या काउंटरसमोर उभे राहून ताडून पाहता येते.

दर्जाबद्दलही एक गैरसमज आहे. ‘ए-फाइव्ह’ हे शब्द ऐकून लोक भारावतात, परंतु त्यातील ‘ए’ हे अक्षर चवीचे नसून जनावराच्या धडातून किती मांस निघते याचे माप आहे. त्याच्याशी खाटकाला कर्तव्य असते, खाणाऱ्याला नाही. खाणाऱ्याने आकडा पाहावा. मांसाच्या तंतूंमध्ये चरबीची जी पांढरी नक्षी दिसते, तिला 1 ते 12 असे गुण दिले जातात. 8 ते 12 गुणांचे मांस पाच क्रमांकाला पात्र ठरते, 5 ते 7 गुणांचे चार क्रमांकाला आणि 3 ते 4 गुणांचे तीन क्रमांकाला. रंग, घट्टपणा आणि चरबीचा कस हेही तपासले जाते आणि सर्वांत कमी गुण ज्या कसोटीवर मिळतात, त्यावर अंतिम क्रमांक ठरतो. माझे स्पष्ट मत असे आहे, की माशाच्या आमटीवर आणि भातावर वाढलेल्या जिभेला पाच क्रमांकाचे मांस चौथ्या-पाचव्या घासानंतर तुपकट लागू लागते. चार क्रमांकाचे, किंवा चांगल्या दुकानातले तीन क्रमांकाचे मांस स्वस्तही पडते आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खावेसेही वाटते.

जपानमध्ये 2001 साली गुरांच्या मेंदूरोगाचे प्रकरण घडल्यानंतर, 2003 मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक जनावराला दहा आकडी ओळख क्रमांक देणे बंधनकारक झाले. मांसाच्या पाकिटावर हा क्रमांक छापलेला असतो आणि सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की जनावराची जात, जन्मतारीख आणि ते कुठे कुठे वाढले, ही माहिती मिळते. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनापेक्षा हा क्रमांक केव्हाही अधिक भरवशाचा.

कोबे : बोटीवरून उतरणाऱ्याच्या सर्वांत सोयीचे

दर्यावर्दी लोकांना कोबे बंदर ओळखीचे असते. पोर्ट आयलंडवरच्या धक्क्यावर बोट लागली असेल, तर शोअर पास, म्हणजे किनाऱ्यावर उतरण्याचा परवाना, हाती पडल्यावर पोर्ट लायनर ही चालकरहित गाडी थेट सान्नोमिया स्थानकावर नेऊन सोडते, आणि खाण्याची सगळी वस्ती तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हल्ली कंटेनर जहाजे बंदरात काही तासच थांबतात, त्यामुळे रजा बहुधा दिवसाची मिळते. ही एरवी तक्रारीची बाब असली तरी वाग्यूच्या दृष्टीने ती पथ्यावर पडते, कारण जपानमधील चांगली चांगली हॉटेले दुपारच्या जेवणात तेच मांस रात्रीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी दरात देतात. दुपारच्या थाळीत सुमारे शंभर ते दीडशे ग्रॅम मांस, भाज्या, भात, सूप आणि कोशिंबीर एवढे येते. दुपारची वेळ साधारण अकरा ते दोन अशी असते आणि शेवटची ऑर्डर त्याच्याही आधी बंद होते, म्हणून अकराच्या ठोक्याला दारात हजर राहणे उत्तम.

सान्नोमिया स्थानकाजवळचे ‘स्टेकलँड कोबे’ हे हॉटेल माफक दरासाठी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. तेथे लोखंडी तव्याभोवती बसवतात आणि आचारी समोरच मांस भाजून, कापून ताटलीत वाढतो. मात्र एक खबरदारी घ्यावी. मेन्यूवरची सर्वांत स्वस्त थाळी कोबे बीफची नसते. कोबे बीफ असे स्वतंत्रपणे लिहिलेली थाळी मागितली तरच ते मिळते आणि तिचा दर काही हजार येन असतो. हा फरक लपवलेला नसतो, पण घाईत बोट दाखवून ऑर्डर देणाऱ्याच्या तो ध्यानात येत नाही, आणि मग गावी येऊन कोबे बीफ खाल्ल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात.

कोबे बीफ या नावामागचे नियम कडक आहेत. जनावर ताजिमा वंशाचे, कोबे ज्या प्रांतात आहे त्या ह्योगोतच जन्मलेले, वाढलेले आणि तेथेच कापलेले असावे लागते. चरबीचे गुण किमान 6 लागतात आणि धडाचे वजन 500 किलोंच्या आत असावे लागते. या नावाची राखण करणारी संस्था 1983 पासून काम करते आणि तिने मान्यता दिलेल्या हॉटेलांत व दुकानांत बैलाची छोटी कांस्यमूर्ती दर्शनी भागात ठेवलेली असते. आता यातली मेख अशी, की त्याच वंशाचे, त्याच प्रांतातले, पण एखाद्या कसोटीवर थोडक्यात मागे राहिलेले मांस ‘ताजिमा’ या नावाने विकले जाते. त्याचा भाव उतरलेला असतो, आणि डोळे मिटून खायला दिले तर आपल्यापैकी बहुतेकांना त्यातला फरक सांगता येणार नाही. कोबेत खाटकाच्या दुकानात किंवा छोट्या हॉटेलात ताजिमा-ग्यू आहे का, असे विचारणे हा पैसे वाचवण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही कमी आहेत, त्यांनी सान्नोमियाहून मोतोमाचीकडे चालत जावे. तेथे 1873 पासून चालत आलेले ‘मोरिया शोतेन’ हे मांसाचे दुकान आहे. एका बाजूला काचेमागे मांसाचे काप मांडलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला कढईत बटाटा व मांसाची क्रोकेट, म्हणजे चुरा लावून तळलेली वडी, आणि खिम्याची कटलेट अखंड तळली जात असतात. रांग लांब दिसली तरी ती झपाट्याने पुढे सरकते. कागदात गुंडाळलेली गरम क्रोकेट हातात येते, वरचे कवच दाताखाली कुरकुरते आणि आतला बटाटा मांसाच्या चरबीने ओलसर, किंचित गोडसर लागतो. मांसाचे प्रमाण यात अर्थातच थोडे असते. वाग्यू म्हणून याकडे पाहू नये, पण काही नाण्यांत मिळणारा इतका चांगला खाऊ कोबेत दुसरा नाही. जवळच्याच नान्किनमाची या चिनी वस्तीत काडीवर भाजलेले कोबे बीफचे तुकडे विकतात. ते चवीला बरे असतात, तथापि तुकड्यांचा आकार पाहता भाव चढा वाटतो आणि त्या पैशांत थोडी भर घातली की दुपारची थाळी येते.

ओसाका, नागोया आणि इतर ठिकाणे

कोबेहून रेल्वेने ओसाका अर्ध्या तासाच्या आत येते. तेथील कुरोमोन बाजारात पर्यटकांसाठी मांडलेले वाग्यूचे ठेले टाळून त्सुरुहाशी स्थानकावर उतरावे. कोरियन वस्तीचा हा भाग असून स्थानकाबाहेर पाऊल टाकताच भाजणीच्या धुराचा वास येतो. येथील याकिनिकू हॉटेलांत टेबलावरच जाळी असते आणि मांस आपणच भाजून घ्यायचे असते. ताटलीच्या हिशेबाने मागवता येत असल्यामुळे खर्च हातात राहतो. लोइन, म्हणजे ‘रोसु’, न मागवता मांडीचा ‘मोमो’, खांद्याचा ‘काता’ किंवा पोटाकडचा ‘बारा’ मागवावा. पातळ काप एका बाजूने रंग बदलेपर्यंत ठेवून उलटावा आणि दुसऱ्या बाजूने जेमतेम दहा आकडे मोजून उचलावा. आपल्याकडच्या सवयीने खरपूस होईपर्यंत ठेवला, तर ज्या चरबीसाठी पैसे मोजले ती कोळशावर ठिबकून जाते आणि उरतो तो चिवट तुकडा.

पैसे भरून हवे तेवढे खा, अशी पाटी लावलेली याकिनिकू हॉटेले सगळीकडे आहेत. भूक भागवायची असेल तर ती उत्तम, पण त्यांच्या स्वस्त योजनेत बहुतेक मांस आयात केलेले असते आणि वाग्यू वरच्या दराच्या योजनेत मोजकेच दिले जाते. ‘ग्यूदोन’ म्हणून साखळी दुकानांतून मिळणारा मांस-भातही वाग्यू नव्हे. त्यासाठी मुख्यतः अमेरिकी बीफ वापरले जाते.

नागोया बंदरात बोट लागली आणि हाताशी अख्खा दिवस असला, तर दोन पर्याय उरतात. पहिला मात्सुसाका. किन्तेत्सु रेल्वेने साधारण सव्वा तासात तेथे पोहोचता येते. मात्सुसाका बीफ हे न व्यालेल्या कालवडींचे असते आणि त्याची जुनी हॉटेले फार महाग आहेत, म्हणून तेथे स्थानिक लोकांप्रमाणे ‘होरुमोन’, म्हणजे आतड्या-काळीज भाजून देणाऱ्या हॉटेलांत जावे. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, मसाल्यात घोळवलेले ते तुकडे कोकणात वजडी आवडीने खाणाऱ्याला परके वाटणार नाहीत. स्थानकावर काळ्या बैलाच्या तोंडाच्या आकाराचा एक जेवणाचा डबा मिळतो. त्याचे झाकण उघडताच आत बसवलेले यंत्र गाण्याची धून वाजवू लागते, आणि गाडीच्या शांत डब्यात पहिल्यांदाच तो उघडणारा माणूस चांगलाच गडबडून जातो. आत भातावर गोडसर शिजवलेले काळ्या वाग्यूचे मांस असते.

दुसरा पर्याय ताकायामाचा. नागोयाहून जलद गाडीने अडीच तासांच्या आसपास लागतात, म्हणून दिवस पुरेसा असेल तरच जावे. हे हिदा बीफ या तिथल्या वाग्यूचे गाव आहे. जुन्या लाकडी घरांच्या सान्माची भागात तांदळाच्या कुरकुरीत चकतीवर भाताचा मुटका आणि त्यावर जेमतेम शेकलेला हिदा बीफचा काप ठेवून देतात. ताटली वेगळी नसतेच, चकतीही खायची असते. याशिवाय वाफवलेले पाव, काड्या आणि क्रोकेटही मिळतात. थोड्याथोड्या पैशांत चार प्रकार चाखून पाहायचे असतील, तर जपानमध्ये याहून सोयीचे गाव माझ्या पाहण्यात नाही.

योकोहामा आणि तोक्यो येथे पर्याय अगणित आहेत, पण स्वतंत्रपणे सांगावे असे थोडे. योकोहामात मांसाचा ‘ग्यूनाबे’ रस्सा उगम पावला आणि तो दुपारी खावा. तोक्योमध्ये उभ्याने खायची याकिनिकू दुकाने शोधावीत. तेथे एकेक काप मोजून घेता येतो, त्यामुळे एरवी न परवडणारा भागही दोन काप मागवून चाखता येतो. ‘ताबेलोग’ या जपानी ॲपवर प्रत्येक हॉटेलाचा दुपारचा आणि रात्रीचा सरासरी खर्च वेगवेगळा दाखवलेला असतो. या दोन आकड्यांत जिथे मोठी तफावत दिसेल, तिथे दुपारी जावे.

क्यूशू बेटाकडे मात्र आपल्या लोकांचे विनाकारण दुर्लक्ष होते. कागोशिमा आणि मियाझाकी हे वाग्यूचे मोठे उत्पादक प्रांत आहेत. दर पाच वर्षांनी भरणाऱ्या राष्ट्रीय वाग्यू स्पर्धेत मियाझाकीने 2007, 2012 आणि 2017 असा सलग सर्वोच्च मान मिळवला. येथली वासरे विकत घेऊन इतर नामवंत प्रांतांत पोसली जातात आणि पुढे त्या प्रांताच्या नावाने महाग विकली जातात. क्यूशूतच कुमामोतोजवळच्या आसो परिसरात तांबूस रंगाच्या ‘अकाउशी’ जातीचे मांस भातावर रचून देतात. अकाउशीही चार अधिकृत वाग्यू जातींपैकीच आहे, पण त्यात चरबी कमी आणि मांसाची स्वतःची चव अधिक असते. पहिल्यांदा वाग्यू खाणाऱ्याला मी कोबेच्या आधी हेच सुचवीन.

स्वतः विकत घेऊन शिजवणे

नोकरीसाठी जपानमध्ये राहणाऱ्यांना, किंवा स्वयंपाकाची सोय असलेल्या खोलीत उतरणाऱ्यांना सर्वांत स्वस्त मार्ग हाच. सुपरमार्केटात मांसाचे भाव शंभर ग्रॅमला लिहिलेले असतात. ‘किरिओतोशी’ या नावाने मिळणारे मांस म्हणजे मोठे तुकडे कापताना उरलेले, आकाराने वेडेवाकडे पातळ काप. वेगवेगळ्या भागांची सरमिसळ असल्यामुळे त्याचा भाव स्टेकच्या कित्येक पट कमी असतो, दर्जा मात्र त्याच जनावराचा. संध्याकाळी सातनंतर अनेक दुकानांत पाकिटांवर सवलतीची चिकटपट्टी लावायला कर्मचारी फिरू लागतात. प्रथम दहा-वीस टक्के आणि बंद होण्याच्या सुमारास कधीकधी निम्मी किंमत. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील खाद्यविभागातही हा प्रकार चालतो. दर महिन्याच्या 29 तारखेला मांसाच्या दुकानांत खास सवलत असते, कारण जपानी आकड्यांच्या उच्चारात दोन आणि नऊ मिळून मांस असा शब्द होतो.

मांसाच्या काउंटरवर कोपऱ्यात लहान लहान पांढऱ्या चौकोनी चरबीचे तुकडे ठेवलेले असतात. याला ‘ग्यूशी’ म्हणतात आणि मांस घेणाऱ्याला तो बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. ही गोष्ट फार कमी परदेशी माणसांना ठाऊक असते. तवा तापवून त्यावर हा तुकडा फिरवायचा, तो वितळून तवा चकचकीत झाला की त्यात लसणाच्या पातळ चकत्या सोनेरी होईपर्यंत परतून बाजूला काढायच्या, आणि मग किरिओतोशीचे काप एकावर एक न येतील असे पसरायचे. वाग्यूची चरबी अंगाच्या उष्णतेनेही वितळण्याइतकी मऊ असते, त्यामुळे अर्ध्या मिनिटात काप तयार होतात. ते उचलून उरलेल्या चरबीत आदल्या दिवशीचा भात, मीठ आणि थोडा सोया सॉस घालून परतावा, वर लसणाच्या चकत्या पसराव्यात. तीनशे ग्रॅम किरिओतोशी आणि दोन वाट्या भात यांत दोन माणसांचे जेवण निघते, आणि कोबेच्या तव्यासमोर शेवटी वाढला जाणारा लसूणभात याहून फारसा वेगळा नसतो. गरम मसाला किंवा वाटण यात घालू नये. ज्यांना भारतीय पद्धतीचेच खायचे आहे, त्यांनी साधे कोकुसान-ग्यू आणावे, ते रश्श्यात अधिक चांगले लागते. तोंडीलावणे म्हणून किसलेला मुळा आणि लिंबू घ्यावे, वासाबीही चालते. चरबीमुळे तिचा झणका बराच कमी होतो.

खरेदी करताना एका फसव्या स्वस्ताईपासून सावध राहावे. साध्या मांसात सुयांनी चरबी टोचून नक्षीदार केलेले स्टेकही बाजारात मिळतात. पाकिटावर तसे लिहिणे बंधनकारक असते, पण हॉटेलांच्या मेन्यूवर ते दडपले गेल्याची प्रकरणे 2013 मध्ये जपानभर गाजली होती. अवास्तव स्वस्त आणि अवास्तव नक्षीदार स्टेक दिसला, की ओळख क्रमांक आणि जात पाहावी. बिल पाहताना हेही ध्यानात ठेवावे, की खाद्यपदार्थ बांधून नेले तर 8 टक्के आणि बसून खाल्ले तर 10 टक्के कर लागतो, आणि मेन्यूवरचा ठळक आकडा कधी करासह तर कधी कर वगळून छापलेला असतो. टीप देण्याची पद्धत नाही. जुन्या खाटकांकडे रोख पैसेच लागतात.

बोटीवर कच्चे मांस न्यायचे असेल, तर आधी चीफ कुकला आणि सोबतच्या मंडळींना विचारावे. एकाच गॅलीत न खाणाऱ्यांचेही जेवण शिजत असते, आणि महिनोन्महिने ज्यांच्यासोबत राहायचे त्यांच्याशी तव्यावरून वाद घालण्यात शहाणपण नाही.

हलाल पाहणाऱ्यांसाठी

कोकणी मुस्लिम वाचकांची अडचण वेगळी आहे. जपानमधील सर्वसाधारण वाग्यू हलाल पद्धतीने कापलेले नसते. हलाल प्रमाणपत्र असलेले वाग्यू मिळते, आखाती देशांत ते निर्यातही होते, पण ते मागावे लागते. कोबेत कितानो भागात 1935 मध्ये उभारलेली मशीद आहे. जपानमधील ही पहिली मशीद, आणि तिच्या उभारणीत तेथील भारतीय व्यापाऱ्यांचाही हातभार होता. 1945 च्या बॉम्बवर्षावातून आणि 1995 च्या भूकंपातून ती वाचली. तिच्या आसपास हलाल किराणा आणि खाणावळी आहेत. शुक्रवारच्या नमाजनंतर तेथे येणाऱ्या लोकांना विचारले, तर सध्या कोणत्या हॉटेलात खात्रीचे हलाल वाग्यू मिळते, याची ताजी माहिती मिळते. तोक्योत आसाकुसा भागात आणि ओसाकातही अशी हॉटेले आहेत. दर साध्या वाग्यूपेक्षा थोडा चढा पडतो.

प्रमाणपत्र फक्त मांसाचे आहे की पूर्ण स्वयंपाकघराचे, हे विचारून घ्यावे. सुकियाकी, म्हणजे गोडसर रसात शिजवलेल्या पातळ कापांच्या पदार्थाच्या ‘वारिशिता’ या रसात आणि बहुतेक याकिनिकू चटण्यांत मिरिन किंवा साके, म्हणजे तांदळाची दारू, असते. एकाच जाळीवर डुकराचे मांस भाजले जाते. खाटकाच्या दुकानातील क्रोकेट पुष्कळदा डुकराच्या चरबीत तळलेली असते, म्हणून वर केलेली शिफारस या वाचकांनी स्वतःसाठी धरू नये. नवी जाळी आणि नुसते मीठ मागणे हा सोपा उपाय आहे.

आखातात किंवा अन्य देशांत असाल तर

दुबई, मस्कत, दोहा येथे नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना मेन्यूवर वाग्यू हा शब्द पदोपदी दिसतो. 1976 मध्ये जपानमधून काही वळू अमेरिकेत नेले गेले, पुढे ऑस्ट्रेलियातही हा वंश पोहोचला आणि स्थानिक जातींशी त्याचा संकर झाला. आखातात स्वस्त दरात मिळणारे वाग्यू बहुधा ऑस्ट्रेलियाचे असते. ते वाईट नसते, उलट जाड स्टेक आवडणाऱ्याला ते अधिक रुचेल, परंतु जपानी वाग्यूचे पैसे त्यासाठी मोजू नयेत. देश कोणता, चरबीचे गुण किती आणि दहा आकडी क्रमांक आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. वाग्यू बर्गर तर मागवूच नये, कारण खिमा केल्यावर तंतूंमधली ती नक्षी उरतच नाही आणि उरलेल्या चरबीची चव पाव, चीज आणि सॉस यांत हरवून जाते. अस्सल जपानी वाग्यू हवेच असेल, तर आखातातल्या मोठ्या सुपरमार्केटातील मांसाच्या काउंटरवरून मांडीचा किंवा खांद्याचा भाग शंभर-दीडशे ग्रॅम, कागदासारखा पातळ कापून मागावा. यंत्रावर असे काप करून देतात का, हे आधी विचारावे, आणि देत नसतील तर मांस तासभर फ्रीझरमध्ये ठेवून धारदार सुरीने घरीच कापावे.